दसरा ते कोजागरी, कोकणात ढग बघत

दिवस पहिला, पुणे ते गुहागर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो, मी आणि ताईचा मुलगा. तो आठवीत आहे आणि त्याला भूगोलाचा प्रकल्प मिळालाय, दहा प्रकारच्या ढगांचे फोटो स्वतः काढून चिकटवायचे, नेटवरून उतरवलेले चालणार नाहीत असं बाईंनी बजावलंय. मला ढगांचा नाद गेली सात-आठ वर्षं आहे, त्यामुळे ताईने त्याला सरळ माझ्या गाडीत बसवून दिलं आणि मला तर तेच हवं होतं. लोक ढग बघायला कोकणात जुलैत जातात पण तेव्हा आभाळ म्हणजे एक अखंड राखाडी घोंगडं, प्रकार वेगळे काढताच येत नाहीत. खरी चंगळ दोनदाच असते, मॉन्सून यायच्या आधीचे काही दिवस आणि हा ऑक्टोबरचा परतीचा काळ. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घाटावर गडगडाट, रात्री परत चांदणं, एकाच दिवसात चार-पाच प्रकार मिळून जातात.

उंब्रजला हायवे सोडला, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आलो तर पुढचं काहीच दिसेना. गाडी बाजूला घेतली. भाचा म्हणाला, "मावशी, हे धुकं आहे, ढग कुठंय?" म्हटलं तू ढगाच्या पोटातच उभा आहेस, थांब जरा. घाट उतरून पोफळीला आलो आणि मागे वळून वर बघितलं तर डोंगराचं डोकं एका सपाट पांढऱ्या थराने कापल्यासारखं, आणि त्याच थरातून आपण दहा-पंधरा मिनिटांपूर्वी आलो हे त्याला पटेचना. हा स्ट्रेटस. जमिनीला टेकला की धुकं, वर उचलला की स्ट्रेटस, वस्तू तीच. दहा चौकटींतली पहिली अशी भरली आणि मला फार बरं वाटलं कारण बहुतेक लोकांचा हाच एक राहून जातो, धुकं धुकं म्हणून सोडून देतात.

चिपळूणला मिसळ खाऊन बाहेर पडलो तोवर साडेदहा वाजलेले आणि कापसाचे गोळे उगवायला लागले होते, क्युम्युलस. याच्यात एक गोष्ट मी प्रत्येकाला दाखवते, ती म्हणजे बूड. वरचं डोकं कसंही फुलकोबीसारखं असलं तरी सगळ्या गोळ्यांची बुडं एकाच पातळीत, सुताराने रंधा मारल्यासारखी. जमिनीजवळची तापलेली हवा वर जाताना दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी गार होत जाते आणि ठराविक उंचीवर तिच्यातली वाफ सुटून थेंब व्हायला लागतात, ती उंची त्या परिसरात साधारण सगळीकडे सारखीच, म्हणून बुडं सरळ. बाष्प जास्त असेल तर ही पातळी खाली येते. कोकणातले क्युम्युलस देशावरच्यापेक्षा बुटके वाटतात त्याचं कारण हेच.

ही सिरस-क्युम्युलस नावं ठेवली ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या माणसाने, १८०२ साली एका व्याख्यानात. धंदा औषधं बनवायचा, ढग हा नुसता नाद. त्याने लॅटिन शब्द घेतले, सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर, निम्बस म्हणजे पावसाचा. चार शब्द कळले की बाकीची नावं त्यांच्या जोड्या लावून होतात, पाठ करायचं काही उरत नाही. मधल्या उंचीवरच्याला फक्त आल्टो जोडायचं. भाच्याने गुहागर येईपर्यंत सगळ्या जोड्या लावून टाकल्या.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारचे गोळे पसरून एकमेकांना चिकटले होते, मोठाले करडे पोपडे आणि मधल्या फटींतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या. स्ट्रॅटोक्युम्युलस. तीन चौकटी एका दिवसात. सुरूच्या झाडांसकट फोटो घेतला कारण नुसता ढग घेतला की तो केवढा, कुठल्या दिशेला, काहीच कळत नाही. माझा नियम आहे, फ्रेमच्या खालच्या कडेला जमीन किंवा पाणी हवंच आणि वहीत वेळ आणि दिशा लिहायची.

दिवस दुसरा, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी

सकाळी मी मोठी चूक केली. रात्री एसी लावून झोपलो, कॅमेरा टेबलावर उघडाच, आणि सहाला भाचा ओरडत आला की मावशी चल आभाळभर मेंढरं आहेत, तसाच कॅमेरा उचलून धावले. बाहेरच्या दमट हवेत येताक्षणी लेन्सवर पाणीच पाणी, पुसलं की परत, पुसलं की परत. वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात पूर्वेकडच्या ढगांना आलेला तो केशरी काठ गेला तो गेलाच, मला अजून हळहळ वाटते. कोकणात जाणाऱ्यांनी हे एवढं पाळाच, कॅमेरा झिपच्या बॅगेत बंद करून एसीबाहेर ठेवा किंवा अर्धा तास आधी बॅगेसकट पडवीत आणून ठेवा. त्याने मोबाईलवर काढलेला फोटो मात्र उत्तम आला, तोच प्रकल्पात लागला.

ती मेंढरं म्हणजे आल्टोक्युम्युलस. आता स्ट्रॅटोक्युम्युलस, आल्टोक्युम्युलस आणि सिरोक्युम्युलस तिन्हींत गोळे-गोळेच असतात, मग ओळखायचं कसं? बोटांनी. हात पूर्ण लांब करायचा आणि गोळ्यावर बोट धरायचं, करंगळीआड लपला तर सिरोक्युम्युलस, एक ते तीन बोटं लागली तर आल्टो, त्याहून मोठा असेल तर स्ट्रॅटो. क्षितिजालगतचे मोजायचे नाहीत, लांबचे ते बारीकच दिसणार, चांगले वर आलेलेच मोजायचे. पोरगं पुढचा सगळा दिवस हात लांब करूनच चाललं होतं. हेदवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर एका काकांनी विचारलं, काय रे बाळा, काय मोजतोस, तर याने त्यांनाही शिकवलं आणि ते दोघं पाच मिनिटं आभाळाकडे बोटं करून उभे.

दुपारी वेळणेश्वरला पाण्यात पाय सोडून बसलो आणि एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसली की पुस्तकातली आकृती वाटावी. समोर समुद्रावर एकही ढग नाही, कोरं निळं, आणि पाठीमागे जमिनीवर क्युम्युलसची रांगच्या रांग. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो ना, तेच हे. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि ढग तिथे होतात, तिची जागा घ्यायला समुद्रावरचा गार वारा आत येतो, आणि समुद्रावर हवा खाली बसत असते त्यामुळे तिथे ढग धरतच नाही. खारा वारा आत सरकत जातो तशी ढगांची रांगही सह्याद्रीकडे सरकते. आम्ही मोबाईल वाळूत रोवून चाळीस मिनिटांचा टाइमलॅप्स लावला, दर पाच सेकंदाला एक फोटो, आणि लावून बघितला तर रांग खरोखर डोंगराकडे चालत निघालेली. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही.

परत येताना अगदी उंच सिरसच्या बारीक शेपट्या होत्या, पिंजलेल्या कापसाला कुणी चिमटीने ओढावं तशा. पूर्ण बर्फाचे स्फटिक असतात ते. पाच.

दिवस तिसरा, तवसाळ जेटी, जयगड, गणपतीपुळे

फेरीबोटीने जयगड खाडी ओलांडली, दुपारचं जेवण मालगुंडला, हे सगळं भराभर सांगते कारण आजचा दिवस संध्याकाळचा होता.

दुपारी तीनला आरे-वारेच्या वरच्या वळणावर थांबलो तर पूर्वेला सह्याद्रीवर क्युम्युलसचे मनोरे चढायला लागलेले. इथेच मला वाटतं ढग ओळखण्यातली खरी गोम आहे. त्याने फोटो काढला आणि विचारलं याला क्युम्युलोनिम्बस लिहू का, म्हटलं अजून नाही. त्याचं डोकं बघ, कडा चाकूने कापल्यासारख्या आहेत की नाही, म्हणजे अजून सगळं पाणीच आहे आत. आपण थांबायचं. सव्वातीनला कडा तशाच, साडेतीनला सगळ्यात उंच मनोऱ्याचं डोकं जरा मऊ पडलं, कापूस ओला झाल्यावर होतो तसं, आणि पावणेचारला तिथून तंतू सुटायला लागले, म्हणजे वरती बर्फ झाला. आता लिही, क्युम्युलोनिम्बस. एकाच ढगाला पाऊण तासात दोन नावं लागली, आणि एकच फोटो काढून निघून गेलो असतो तर चुकीचं नाव लिहून गेलो असतो. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हेच करायचे, फोटो काढायचा आणि घरी जाऊन चित्रांशी जुळवत बसायचं, आणि जुळायचंच नाही. ढग बघायला वेळ द्यावा लागतो, तो काय होता आणि काय होतोय हे बघितल्याशिवाय नाव ठेवू नये असं माझं ठाम मत झालंय.

पाच वाजेपर्यंत त्या तंतूंची ऐरण झाली, वरचं टोक सपाट पसरत थेट आमच्या डोक्यावर आलं. एवढा ढग एका मर्यादेपलीकडे चढू शकत नाही, वरती हवेचा असा थर येतो की जिथे चढणारी हवा आजूबाजूच्यापेक्षा हलकी राहत नाही, मग ती छताला धूर लागावा तशी आडवी पसरते. आपल्याकडे हे छत चांगलं पंधरा-सोळा किलोमीटरवर असतं. सूर्यास्ताला किनाऱ्यावरचे सगळे पश्चिमेकडे तोंड करून सेल्फी काढत होते आणि आम्ही दोघंच पाठ फिरवून पूर्वेकडे, कारण बुडत्या सूर्याचा सगळा उजेड त्या ऐरणीवर पडला होता, आधी पिवळा, मग तांबूस, आणि खालच्या अंगाला पिशव्या लोंबत होत्या, मामा म्हणतात त्यांना. भाच्याला हे नाव फारच आवडलं, खरं तर लॅटिनमध्ये मामा म्हणजे स्तन, गाईच्या कासेसारखा आकार म्हणून. त्या पिशव्यांत एकेक सावली, एकेक उजेडाची कड. दहा-बारा मिनिटं टिकलं ते सगळं.

पांढऱ्या ढगाला कॅमेरा फसतो हे सांगायला हवं. गडद डोंगर फ्रेममध्ये असला की तो उजेड वाढवतो आणि ढगाचं डोकं कोरं पांढरं होतं, त्यातली घडी-सुरकुती गेली की ती नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये परत येत नाही. माझे सुरुवातीचे सहा फोटो असेच गेले. मोबाईलवर ढगाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरायचं, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. कॅमेऱ्यावर मी एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) कमीच ठेवते.

अंधार पडल्यावर विजा सुरू झाल्या. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उघड्यावर उभं राहून विजेचे फोटो काढणारे मी बघितलेत आणि मला त्यांचा राग येतो. कातळाच्या सड्यावर आजूबाजूला झाड नाही घर नाही, सगळ्यात उंच आपणच. आम्ही मुक्कामाच्या घरात, खिडकीच्या आत ट्रायपॉड लावला, आयएसओ १००, एफ ८, पंधरा सेकंद शटर, फोकस हाताने लांबच्या दिव्यावर. भाचा वीज चमकली की मोजायचा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. चोवीस आले, म्हणजे आठ किलोमीटर. मग अठरा, मग दहा, मग आम्ही ट्रायपॉड गुंडाळून खिडकी लावून घेतली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे, आजूबाजूला कुठे वीज पडतेय ते दाखवतं, कोकणात या दिवसांत फिरणाऱ्याच्या मोबाईलमध्ये ते असावंच.

दिवस चौथा, रत्नागिरी, कशेळी, देवगड

सकाळपासून मळभ. ऊन नाही, पाऊस नाही, फोटोला काही नाही. पावस, पूर्णगड करत कशेळीला कनकादित्याच्या देवळात गेलो, सूर्याचंच देऊळ आणि वर सूर्य घासलेल्या काचेमागच्या दिव्यासारखा मिणमिणता. बाहेर अंगणात भाचा पायाकडे बघत उभा, म्हणतो "मावशी, मला सावली नाहीये." शाब्बास म्हटलं, झालं तुझं काम. सूर्याची जागा कळते पण सावली पडत नाही, तो आल्टोस्ट्रेटस. हाच थर पातळ आणि उंच असेल तर सावली पडते आणि सूर्याभोवती कडं दिसतं, तेव्हा तो सिरोस्ट्रेटस. फोटो अगदीच फिका आला पण त्याने आपल्या बिनसावलीच्या पायांचाही एक काढला आणि शेजारी चिकटवायचं ठरवलं, मला ती कल्पना फार आवडली.

संध्याकाळी देवगडजवळच्या वाडीत त्याच्या चुलत आजीकडे पोचलो. भाताची कापणी अर्धी झालेली, खळ्यात झोडलेलं भात ताडपत्रीवर पसरलेलं, अंगणभर ओल्या पेंढ्याचा वास. जेवणं झाल्यावर पडवीत बसलो तर चतुर्दशीचा चंद्र वर आलेला आणि त्याच्यावरून आल्टोक्युम्युलसचा पातळ पापुद्रा सरकत होता, चंद्राला लागूनच एक छोटंसं रंगीत वलय, आत निळसर पांढरं, कडेला तपकिरी तांबूस. चंद्राभोवतीच्या अशा वलयालाही खळंच म्हणतात, भात झोडायचं खळं वेगळं. आजी म्हणाली, "खळा जवळ आसा. पावस लांब. उद्या भात सुकवून घेवया."

मी विचारलं म्हणजे काय हो आजी, तर म्हणाली, "खळा जवळ तर पावस लांब, खळा लांब तर पावस जवळ. आमची सासू सांगायची."

मी रात्री बराच वेळ हाच विचार करत पडले होते कारण हे म्हणणं अगदी नेमकं आहे. चंद्राला चिकटलेलं छोटं वलय पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडतं, थेंबाच्या कडेवरून उजेड वळतो त्यामुळे, आणि असा ढग बहुतेकदा नुसता पातळ आल्टोक्युम्युलस असतो, त्यातून पाऊस येत नाही. मोठं खळं लांब पडतं, चंद्रापासून २२ अंशांवर, कारण ते उंचावरच्या सहाकोनी बर्फाच्या स्फटिकांतून उजेड वाकून होतं, आणि तो बर्फाचा पडदा या दिवसांत बऱ्याचदा कुठल्यातरी गडगडणाऱ्या ढगाच्या ऐरणीचा पसरलेला भाग असतो. म्हणजे आसपास कुठेतरी क्युम्युलोनिम्बस उभा आहे. दरवेळी खरं ठरणार नाही, पण स्फटिक आणि थेंब यांतला फरक आजीच्या सासूबाईंनी नुसत्या अंतरावरून पकडला होता.

दिवस पाचवा, कोजागरी

सकाळी सात-आठ मिनिटंच सिरोक्युम्युलस दिसला, वाळूवरच्या बारीक लाटांसारखा, करंगळीआड प्रत्येक कण लपत होता. भाच्याने दात घासता घासता फोटो काढला. आठ.

दिवसभर आजीबरोबर भात खालीवर करायला लागलो. कोकणात या पौर्णिमेला नवान्न करतात, नव्या तांदळाचा भात, दाराला लोंब्यांचं तोरण. आजी कामातून दर थोड्या वेळाने पूर्वेकडे मान वर करून बघायची आणि काही न बोलता परत फावडं ओढायची. मी विचारलं काय बघता, तर म्हणाली "बूड." क्युम्युलसचं बूड काळं पडतंय का ते. मी चिपळूणला पोराला अर्धा तास जे समजावलं तेच.

रात्री अंगणात मसाला दूध, चंद्र अगदी माथ्याच्या दिशेने चढलेला, आणि दहाच्या सुमारास पोफळींच्या वरती ते आलं. मोठ्ठं, पूर्ण गोल, आतल्या कडेला किंचित तांबूस, आणि आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळं. भाच्याने हात लांब केला, पंजा ताणला, अंगठा चंद्रावर ठेवला आणि करंगळी बरोबर खळ्यावर टेकली. ताणलेल्या पंजाची वीत म्हणजे साधारण वीस-बावीस अंशच. सिरोस्ट्रेटस, नऊ. कॅमेऱ्याला माझी ५० ची लेन्स पुरेना, खळं या टोकापासून त्या टोकापर्यंत ४४ अंश भरतं, मग रुंद लेन्स लावली, पोफळीच्या शेंड्यामागे चंद्र लपवला, आयएसओ ८००, चार सेकंद. चंद्र लपवला नाही तर मध्ये नुसता पांढरा डाग पडतो आणि खळं पुसट होतं.

आजी पायरीवर बसून बघत होती. "लांब पडला हा," म्हणाली आणि दूध अर्धं ठेवून उठली. आम्ही चौघांनी मिळून, शेजारचे काका पण आले, चांदण्यात खळ्यातलं सगळं भात पोत्यांत भरून पडवीत घेतलं. बारा वाजले. खांदे भरून आले होते आणि वर एक थेंब पडायचं चिन्ह नव्हतं.

दिवस सहावा, फोंडा घाटाने परत

सकाळी ऊन. मला मनातून आजीचं वाईट वाटत होतं, एवढी धावपळ उगाच झाली की काय. कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, दुपारी कोल्हापूरला जेवायला थांबलो, मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडलं तर देवगड-मालवणवर पांढरा ठिपका, कडा धारदार. साडेतीनला आजीचा फोन आला, भाच्याने स्पीकरवर घेतला, मागे पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की निम्मं ऐकूच येईना. "पावस इलो रे! भात आतच होता!"

त्याने वहीत वेळ लिहिली. पुण्यापर्यंत चौकटी भरत बसला होता, दहावी निम्बोस्ट्रेटसची, दिवसभर एकसारखा पडणाऱ्या पावसाचा ढग, तो काही या दिवसांत मिळायचा नाही. ती कोरीच ठेवली आणि खाली पेन्सिलने लिहिलं, जुलै, आजीकडे.